टेकू जुनेच होते

मित्रांनो, मी एक वाकलेला लोखंडी टेकू आहे. रस्त्याने जाताना तुम्ही आम्हाला पाहिले असेल. नवा स्लॅब ओतला की तो घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरून ठेवायला शेकडो लोखंडी खांब उभे करतात. तेच आम्ही. स्लॅब स्वतःच्या बळावर उभा राहिला की आम्हाला काढून पुढच्या मजल्यावर नेतात. घर पुरे झाल्यावर आमची आठवण कोणी काढत नाही, आणि त्याचे आम्हाला वाईटही वाटत नाही.

पण चौकशीच्या एका कागदावर माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलेले आहे. त्या वाक्याने एका माणसाच्या मरणाचा ठपका माझ्यावर ठेवला आहे. ते वाक्य खोटे आहे. ते खोटे असल्याचे एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो तीन वर्षे गप्प बसला.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दोन नळ्या, एक दुसरीत सरकणारी. आतल्या नळीला भोके, भोकात घालायला अंगठ्याएवढी जाड खीळ, उंची कमीजास्त करायला बाहेरच्या नळीवर आटे, आणि तळाला एक चौकोनी जाड पत्रा, तो माझा पाय. जोडकाम करणारा म्हातारा कमी बोलायचा. जोड थंड झाला की त्यावरून अंगठा फिरवायचा आणि मनाला पटला नाही तर खडूने फुली मारायचा. माझ्यावर त्याने दोनदा फुली मारली. तिसऱ्यांदा मात्र नुसती मान हलवली. मग मला दाबाच्या यंत्राखाली उभे केले. मी जागचा हललो नाही. लाल रंग लावून मला गाडीत चढवले, तेव्हा मला वाटले, आता या जगात मला वाकवील असे ओझे नाही.

मी ज्यांच्या हाताखाली आलो, त्या सुतार मिस्त्रींना सगळे जण मामा म्हणत. स्लॅबच्या खालच्या फळ्या बसवणे आणि आम्हाला रांगेत उभे करणे हे त्यांचे काम. मामांचा हात असा बसलेला होता, की दोरी न लावताही आमची रांग सरळ यायची. एका शाळेचे छप्पर मी धरले. एका दवाखान्याचे तीन मजले धरले. पाण्याच्या टाकीखाली तर मी महिनाभर उभा होतो. फळ्या काढल्यावर स्लॅबची खालची बाजू आरशासारखी निघाली की लोक म्हणायचे, "मामांच्या हातून चूक व्हायची नाही." मामा हसून म्हणायचे, "अरे, टेकूंना म्हणा!" आणि जाताजाता माझ्यावर थाप मारायचे. त्या थापेचा मला फार अभिमान वाटायचा.

मामांचा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबरच काम करायचा. त्याला सगळे धाकट्याच म्हणत. बोलका, गाणे गुणगुणणारा, शिडीच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारा. त्याची बायको त्याच कामावर घमेली वाहायची. तिला सगळे वहिनी म्हणत. जेवणाच्या सुट्टीत दोघे आमच्या सावलीत बसत आणि ती त्याला म्हणे, "जेवताना तरी तोंडाला कुलूप लावा." तो म्हणे, "किल्ली तुझ्याकडेच आहे."

त्या वर्षी आम्ही एका दुमजली इमारतीच्या कामावर होतो. तिथला देखरेख करणारा साहेब कडक होता. पहिल्याच आठवड्यात एक गवंडी स्वतःहून त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, माझ्याकडून भिंत बोटभर तिरकी झाली आहे. आत्ताच पाडून नीट करतो." साहेबाने सगळ्यांना कामावरून बोलावले. गवंड्याला विटांच्या थप्पीवर उभे केले आणि म्हणाला, "हे बघा, ही अक्कल! सांगायला लाज नाही वाटली?" लोक हसले. काही जण हसले नाहीत, पण त्यांनी माना खाली घातल्या. त्याच दिवशी गवंड्याला फाटकाबाहेर काढले.

मित्रांनो, त्या दिवसापासून त्या कामावर कोणाचीच चूक झाली नाही. म्हणजे कोणी सांगितली नाही. वाकडी खिडकी गिलाव्याखाली गेली. कमी पडलेली सळी काँक्रीटखाली गेली. मला सारे दिसत होते. संध्याकाळी साहेब ऐटीत म्हणायचा, "शिस्त म्हणतात ती ही."

मग तळमजल्यावर, नेमक्या आमच्या जागेवर, सांडपाण्याच्या नळासाठी चर खणला. कमरेएवढा खोल. नळ टाकून चर पुन्हा मातीने भरला, पण ती माती कोणी धुम्मसाने ठोकली नाही. वरून सगळी जमीन सारखीच दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला उभे करायचे होते. अशा भरावाच्या मातीवर आमच्या पायाखाली जाड फळी टाकावी लागते, नाहीतर पाय रुततो. मामांना हे झोपेतही ठाऊक होते. पण साहेबाने त्यांना सकाळपासून जिन्याच्या कामाला जुंपले होते. ते घाईघाईने परत आले, आमची रांग त्या भरावावर उभी केली आणि स्वतःशीच म्हणाले, "फळ्या उद्या सारू." दुसऱ्या दिवशी वर सळया बांधणारे आले, आरडाओरडा सुरू झाला आणि फळ्या राहून गेल्या. एवढीच ती चूक. कामाच्या गर्दीत कोणाच्याही हातून व्हावी अशी.

स्लॅब ओतायचा दिवस उजाडला. सकाळी स्लॅबखालच्या फळ्यांवर पाणी मारले होते. ते झिरपून खाली आले आणि माझ्या पायाशी साचले. मला पहिल्यांदा गार वाटले. मग वर काँक्रीट पडू लागले आणि ओझे वाढू लागले. ओझ्याची मला भीती नव्हती. पण माझ्या पायाखालची जमीन हळूच, अगदी आवाज न करता, खाली निघाली होती. आधी नखभर. मग बोटभर. शेजारचा टेकूही खचत होता. त्याच्या खिळीतून बारीक करकर ऐकू येत होती. वर माणसे एकमेकांना हाका मारत होती, कोणीतरी गात होते.

दुपारी मालकाकडचे दोन पाहुणे आले. साहेब त्यांना मोठ्याने म्हणाला, "हा स्लॅब आमच्या मामांचा आहे. डोळे झाकून ओता!" मामा तिथेच शिडीवर उभे होते. ते हसले. आणि हसता हसता त्यांची नजर खाली, माझ्या पायाशी साचलेल्या पाण्यावर गेली. त्यांचे हसू ओठांवरच राहिले. त्यांना फळ्या आठवल्या होत्या.

ते खाली आले. वाकून पाहिले. माझा पाय दोन बोटे मातीत गेला होता.

"धाकट्या," ते हळूच म्हणाले, "पाचरी आण. आणि फळीचे तुकडे. कोणाला काही बोलू नकोस."

धाकट्याने एकदा जमिनीकडे आणि एकदा वर पाहिले. "दादा, काम थांबवायला सांग ना."

"त्या गवंड्याचं काय झालं, बघितलंस ना? आणि आता तर पाहुणे आलेत. दोन मिनिटांचं काम आहे."

"दादा, सांग तू. मी येतो तुझ्याबरोबर."

"पाचरी आण म्हटलं ना!"

धाकट्याने पाचरी आणल्या. दोघे भाऊ गुडघ्यांवर बसून माझ्या पायाखाली फळीचा तुकडा ठोकू लागले. पाचरी कमी पडल्या. मामा उठू लागले, तसा धाकटा म्हणाला, "तू घेऊन ये, मी धरतो." त्याने मला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखे धरले. त्याच्या तळहातांचा घाम मला जाणवत होता.

मामा जेमतेम दहा पावले गेले असतील.

शेजारचा टेकू एकदम खाली गेला. त्याचे ओझे माझ्यावर आले. मी आडवा झुकलो आणि ज्या कमरेचा मला गर्व होता, ती मोडली. पुढचे मला सांगता येत नाही. धूळ होती, ओले काँक्रीट होते. मग वहिनीची हाक ऐकू आली. ती हाक तिने पुन्हा पुन्हा मारली. तिला उत्तर मिळाले नाही.

आठवड्याने चौकशीला तीन माणसे आली. तोवर सगळा ढिगारा उपसून एका बाजूला केला होता. चर कुठे होता, हे आता सांगितल्याशिवाय कळले नसते. एकाने माझ्या वाकलेल्या अंगाचे फोटो काढले. दुसऱ्याने रंग उडालेल्या जागी नखाने खरवडले. नखाला तांबूस गंज लागला. अर्थात लागणारच, मी दहा वर्षे उन्हापावसात उभा होतो. पण माझे पोलाद आतून शाबूत होते.

"टेकू जुने दिसतायत," तो म्हणाला. साहेबाने लगेच मान डोलावली. मग त्याने मामांना विचारले, "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?"

मामांनी तोंड उघडले. मला वाटले, आता सांगतील. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पलीकडे वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिच्याकडे पाहिले.

"टेकू जुनेच होते," मामा म्हणाले.

कागदावर तेच उतरले. 'जुन्या व गंजलेल्या टेकूंमुळे अपघात झाला. यापुढे नवे टेकू वापरावेत.' खाली सह्या झाल्या. माझे तीनशे धडधाकट भाऊ भंगारात गेले. कंपनीने नवे कोरे टेकू आणले, आणि सगळ्यांना वाटले, धडा शिकलो. चराचे नाव कोणीच काढले नाही.

मला गोदामाच्या मागे फेकले. वेल माझ्यावर चढली, सरडे आत-बाहेर करू लागले. येणारेजाणारे बोट दाखवून म्हणत, "हाच तो." एकदा वहिनी तिथे आली. कंपनीने तिचे काम चालू ठेवले होते. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्यावर थुंकली. मला तिचा राग आला नाही. पण लोखंडाला बोलता येत नाही याचे दुःख मला त्या दिवशी झाले, तेवढे कधीच झाले नव्हते.

तीन वर्षे गेली. कंपनीचे नवे काम निघाले, पाच मजली. खड्ड्याच्या कडेला दोरी बांधायला खांब हवे होते, म्हणून मला वाकलेल्या अवस्थेतच उचलून नेले आणि मातीत रोवले. मामा तिथेही मुख्य मिस्त्री होते. पण आता ते कोणावर थाप मारत नव्हते की हसत नव्हते. भराव असो नसो, स्वतःच्या हातच्या प्रत्येक टेकूखाली ते गुपचूप फळी सारायचे. का, ते कोणाला सांगत नव्हते.

तिथे देखरेखीला एक इंजिनियर मॅडम होत्या. बुटक्या, घोगऱ्या आवाजाच्या. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी त्या सगळ्यांना पत्र्याच्या शेडपाशी गोळा करून विचारायच्या, "काल कोणाचं काय चुकलं?"

पहिल्या दिवशी लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचे नाव 'चूकबाई' पडले. "चला रे, चूकबाईंकडे कबुलीजबाब द्यायला!" असे म्हणत लोक यायचे आणि मुकाट उभे राहायचे. शेवटी मॅडमनीच सुरुवात केली. "माझं चुकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची जागा मी नकाशावर उलटी वाचली. भिंत पाडावी लागेल. पाडायला मीही येते." आणि त्या खरेच घण घेऊन गेल्या. चार घाव घालून त्यांचा हात सोलला, तेव्हा गवंडी म्हणाला, "राहू द्या मॅडम, भिंत घाबरली तुम्हाला." लोक हसले, पण ते हसणे वेगळे होते. तरीही कोणी काही सांगितले नाही. मनात धरलेली भीती एका भिंतीने जात नाही.

मग एके दुपारी, इमारतीला जोडून एकमजली भाग बांधायचा होता तिथे, माझ्यासमोरच चर खणला गेला. नळ टाकला. यंत्राने भसाभस माती लोटली. धुम्मस आले नाही. ती ओली, पोकळ माती पाहून माझ्या मोडलेल्या कमरेत कळ आली.

त्या भागाचे काम एका तरुण सुताराकडे होते. तो सदा काळा चष्मा लावायचा, म्हणून त्याला गॉगलवाला म्हणत. त्याने नव्या टेकूंची रांग थेट त्या भरावावर उभी केली. मामा तिथून गेले, थबकले, पुढे गेले, परत आले.

"यांच्या पायाखाली फळ्या घाल," ते म्हणाले.

"कशाला मामा? टेकू कोरे करकरीत आहेत. तुमच्या वेळचे गंजके नाहीत हे."

"घाल म्हटलं ना!"

"अहो, पण का, ते तर सांगा. उद्या सकाळी काँक्रीटची गाडी येतेय. एवढी रांग सोडवून परत बांधायची म्हणजे..."

मामांचे ओठ हलले. कारण सांगायचे तर सगळेच सांगावे लागले असते. ते निघून गेले. गॉगलवाला हसत दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा अजून टेकूंना घाबरतो." मित्रांनो, हसू नका. त्या पोराची काहीच चूक नव्हती. खोट्या कागदाने त्याला खोटे शिकवले होते.

सकाळ झाली. नव्या टेकूंच्या पायाशी पाणी झिरपत होते. सगळे शेडपाशी जमले. वहिनी मागच्या बाजूला, हातात डबा घेऊन उभी होती.

"काल कोणाचं काय चुकलं?" मॅडमनी विचारले. फाटकाशी काँक्रीटच्या गाडीचा भोंगा वाजला. "बरं, चला मग," त्या म्हणाल्या. माणसे वळली.

"थांबा," मामा म्हणाले. "माझं चुकलंय. काल नाही. तीन वर्षांपूर्वी."

आवाज त्यांचा वाटत नव्हता. त्यांनी सगळे सांगितले. चर, विसरलेल्या फळ्या, पाहुणे, पाचरी. धाकटा काय म्हणाला, ते. चौकशीत आपण काय म्हणालो, ते. सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. काँक्रीटच्या गाडीचे पिंप फिरतच होते.

मॅडमनी उपदेश केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "चर किती खोल होता?" मामांनी कमरेला हात लावला. मॅडमनी एक सळी उचलली, नव्या टेकूंच्या रांगेपाशी गेल्या आणि ती जमिनीत दाबली. लोण्यात सुरी जावी तशी सळी त्यांच्या मुठीपर्यंत आत गेली. गॉगलवाल्याने चष्मा काढला.

"गाडी परत पाठवा," मॅडम म्हणाल्या.

तोवर वहिनी मामांसमोर येऊन उभी राहिली होती. "भावजी, काम थांबवा असं ते म्हणाले होते?"

"दोनदा."

"आणि तुम्ही त्यांना पाचरी आणायला पाठवलंत."

मामांनी 'हो' म्हणून मान हलवली.

"तीन वर्षं मी लोखंडाला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तुम्ही सणावारी दारात यायचात, मी तुमच्या पाया पडायची." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. डबा घेऊन ती फाटकाबाहेर गेली.

मामा काम सोडायला निघाले होते. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर हे पुढच्यांना सांगणार कोण?" ते राहिले. चराची माती पुन्हा उपसली. थोडी थोडी भरत, थर ठोकत पक्की केली. मामांनी गॉगलवाल्याच्या बरोबरीने गुडघ्यांवर बसून एकेका टेकूखाली फळी घातली, आणि आता विचारणाऱ्या प्रत्येकाला ते कारण सांगत होते. आठ दिवसांनी स्लॅब ओतला. तो आजही उभा आहे. मॅडमनी तो जुना कागद सुधारावा म्हणून मोठ्या कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले, 'प्रकरण बंद झाले आहे.'

नवव्या दिवशी वहिनी कामावर आली. मामांकडे तिने पाहिले नाही. तीन-चार दिवस असेच गेले. मग एका सकाळी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मागून तिचा आवाज आला.

"माझं चुकलंय. काल घमेली वर घ्यायला चौथ्या मजल्याच्या कडेची दोरी मी सोडली होती. परत बांधायची राहिली."

सगळ्यांनी वर पाहिले. दोरी वाऱ्यावर हलत होती, आणि सभेला न थांबता वर गेलेला एक रंगारी पाठमोरा, मागे मागे सरकत त्याच कडेकडे येत होता. मामा गुरासारखे ओरडले. रंगारी दचकून थांबला. त्याच्या टाचेमागे हातभरच जागा उरली होती.

वहिनीवर कोणी ओरडले नाही, कोणी हसले नाही. मॅडमनी विचारले, "दोरी सोडल्याशिवाय घमेली वर येत नाहीत का? मग तिथे फाटकच करू." त्याच दिवशी ते झाले. फाटक मामांनी बसवले. वहिनी खालून खिळे देत होती. ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. भंगारातून भट्टीत गेलो की माझी कमरही जाईल आणि गंजही. पण तो कागद तसाच राहील. तो वाचून कुठेतरी आजही कोणी नवे टेकू आणत असेल आणि न ठोकलेल्या मातीवर निश्चिंतपणे उभे करत असेल. म्हणून माझी एक विनवणी ऐका. काही मोडले, पडले, बिघडले आणि कोणी म्हणाले, "ते जुनेच होते," तर तिथे थांबू नका. आणखी एकदा विचारा. हळू आवाजात विचारा. सांगायला आलेल्याला विटांवर उभे करू नका. तो बोलेपर्यंत पायाखालची माती खचतच असते, आणि तिचा आवाज होत नाही.